स्पोकेनची सात वर्षं

एडमंटन,
रविवार

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एक वाक्य बोललास आणि मी गप्प बसले, कारण बाबा शेजारीच होते आणि तुझ्या नुसत्या आवाजावरूनच त्यांचा चेहरा उतरला होता. तू म्हणालास, "कोचिंग म्हणजे ज्यांना कुणी खेळायला घेत नाही त्यांची सोय." ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथं, तुझं नाव आलं नाही याचं दुःख मला कळतं. ते दोन दिवसांत ओसरावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण त्या लहान गावातल्या कॉलेजनं तुला त्यांच्या फुटबॉल टीमच्या रिसीव्हर्सचा, म्हणजे पास पकडणाऱ्यांचा, असिस्टंट कोच म्हणून बोलावलंय, त्यांना महिनाअखेरीला उत्तर हवंय, आणि ते उत्तर तू या वाक्याच्या भरात देऊन टाकशील अशी मला धास्ती वाटते. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

मी तुला ह्यू कॅम्पबेलबद्दल लिहिणार आहे. या शहरात वाढलेल्या मुलाला ते नाव नवीन नाही. पण तुमच्या पिढीसाठी तो जुन्या फोटोतला कोच, एडमंटनला ओळीनं पाच ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या फुटबॉलचा सर्वोच्च चषक, मिळवून देणारा. तो आधी रिसीव्हर होता, आणि चांगला रिसीव्हर होता, हे तुझ्या मित्रांपैकी किती जणांना माहीत असेल याची शंका आहे. आणि रिसीव्हर ते कोच या प्रवासात मध्ये काय होतं, ते तर कुणी सांगतच नाही. मला सांगायचंय ते तेवढंच मधलं. पण त्यासाठी सुरुवातीपासून यावं लागेल.

कॅम्पबेल मूळचा कॅलिफोर्नियाचा. कॉलेज वॉशिंग्टन स्टेट. १९६० च्या सीझनमध्ये त्यानं ६६ पास पकडले, आणि तो त्या वेळी अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा विक्रम होता. १९६३ साली एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी त्याला ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत घेतलं. घेतलं, पण ठेवलं नाही. हे मुद्दाम लिहितेय. ड्राफ्टमध्ये नाव येणं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं तुला सध्या वाटतंय. त्याचं नाव आलं होतं, कॉलेजात विक्रम होता, तरी सीझन सुरू होईपर्यंत तो रस्त्यावर होता.

मग तो कॅनडात रेजायनाला आला, सॅस्कॅचवन रफरायडर्सकडे. त्याच वर्षी ओटावाकडून क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, रॉन लँकॅस्टर तिथं आला, आणि वॉशिंग्टन स्टेटचाच फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, जॉर्ज रीडही. तीन माणसं एकाच उन्हाळ्यात एका टीममध्ये येतात आणि पुढची कित्येक वर्षं त्या प्रांताचं वेड होऊन बसतात, हे नशीबच म्हणायचं. त्याच १९६३ मध्ये कॅलगरीविरुद्ध दोन सामन्यांची प्लेऑफ होती, दोन्हींचे गुण मिळवून निकाल. पहिला सामना सॅस्कॅचवन ३५-९ असा हरलं. २६ गुणांची पिछाडी. दुसऱ्या सामन्यात टेलर फील्डवर त्यांनी ३९-१२ असं हाणलं, आणि बेरीज झाली ४८-४७. रेजायनाची म्हातारी माणसं अजून याला 'टेलर फील्डचा छोटा चमत्कार' म्हणतात.

कॅम्पबेलचं टोपणनाव 'ग्लूई ह्यूई', म्हणजे हाताला डिंक लावलेला ह्यू. वेगासाठी त्याचं नाव निघत नसे. निघायचं ते हातांसाठी आणि रूटसाठी, म्हणजे ठरलेल्या वाटेनं पळून नेमकं वळण्यासाठी. तुला हे समजवायची गरज नाही, तरी मी लिहिते, कारण इतकी वर्षं थंडीत स्टँडमध्ये थर्मास घेऊन बसल्यावर मलाही थोडा हक्क आहे. आपल्या इथला कॅनडाचा खेळ तीन डाउनचा, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला तीन प्रयत्न. तिसऱ्यावर बहुतेक वेळा पंटच मारायचा, लाथेनं चेंडू समोरच्यांकडे लांब धाडायचा, म्हणजे दहा यार्ड काढायला खरे प्रयत्न दोनच. त्यात रिसीव्हरनं एक कॅच सोडला की निम्मा संसार बुडाला. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ रुंद, माणसं बारा-बारा. एवढ्या मोकळ्या जागेत नुसता पळणारा माणूस हरवून जातो. दहा यार्ड हवेत तर अकराव्यावर वळायचं, नवव्यावर वळलं तर सफाईनं पकडलेला कॅचही फुकट. आणि आपल्याकडे रिसीव्हर चेंडू सुटण्याआधीच धावत येऊ शकतात, अमेरिकेत तसं पुढे येता येत नाही. मला हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेतला खो-खो आठवला होता. खो मिळाल्यावर उठणारी मुलगी पाटी बघत नाही, तिला पळणारी कुठे वळणार ते आधीच ठाऊक असावं लागतं. रिसीव्हरचंही तसंच: अडवणारा कॉर्नरबॅक कुठे झुकलाय, त्याच्यामागचा राखणदार, म्हणजे सेफ्टी, किती मागे आहे, क्वार्टरबॅकला मारायला कोण निघालंय, हे सगळं त्याला पहिल्या तीन पावलांत वाचायचं असतं. हे वाचता येणारा माणूस खेळत असतानाच अर्धा कोच झालेला असतो. तुझं कॉलेजमधलं शेवटचं वर्ष आठव. हडलमध्ये, प्रत्येक प्रयत्नाआधीच्या घोळक्यात, तू बोलायचास आणि तुझा क्वार्टरबॅक मान डोलवायचा. मला स्टँडमधून ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

१९६६ हे कॅम्पबेलचं वर्ष. एका सीझनमध्ये १७ टचडाऊन कॅच, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे गुण मिळवून देणारे. आणि नोव्हेंबरात व्हँकुव्हरच्या एम्पायर स्टेडियमवर ग्रे कप. समोर क्वार्टरबॅक रस जॅक्सनची ओटावा. सॅस्कॅचवन तोपर्यंत आठ वेळा फायनलला जाऊन आठही वेळा हरलं होतं. लँकॅस्टरनं तीन टचडाऊन पास टाकले, त्यातला एक कॅम्पबेलनं पकडला, मग रीड एकटा ३१ यार्ड पळाला आणि निकाल २९-१४. तिथं आजही लोक त्या चौघा-पाच जणांची नावं आपल्याकडे संतांची घ्यावीत तशी घेतात. पुढच्या वर्षी ते पुन्हा फायनलला गेले आणि हॅमिल्टनकडून २४-१ असे झोडपले गेले, तेही सांगून ठेवते. १९६८ मध्ये कॅम्पबेल खेळला नाही. १९६९ ला परतला, आणि पुन्हा फायनल, मॉन्ट्रियलमध्ये, पुन्हा ओटावाशी, आणि या वेळी २९-११ अशी हार. सहा सीझन, ३२१ कॅच, ५,४२५ यार्ड, ६० टचडाऊन. पाचेक कॅचमागे एक टचडाऊन पडतो, बघ हिशोब करून.

आता ते मधलं.

१९७० साली, तिशी गाठायच्या आत, हा माणूस ग्रे कपच्या फायनलमधून उठून वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी गेला आणि व्हिटवर्थ नावाच्या लहान कॉलेजचा हेड कोच झाला. व्हिटवर्थ! अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या नावांत हे नाव तू कधी ऐकलंयस? मीही ऐकलं नव्हतं. तिथं त्यानं एक-दोन नव्हे, सात सीझन काढले. आणि तिथं काही चमत्कारही घडला नाही. निम्म्याच्या आसपास सामने जिंकले, बाकीचे हरले. अशा माणसाला बायोडेटावर बघितलं तर एखादा मॅनेजर पान उलटून पुढे जाईल.

सात वर्षांत तो तिथं रोज काय करत होता याचं कुणी महाकाव्य लिहिलेलं नाही. पण लहान कॉलेजचं फुटबॉल कसं असतं ते तुला आणि मला पुरेसं माहीत आहे. असिस्टंट कमी, पैसा कमी, आणि समोरची पोरं अशी की ज्यांना पुढे शिक्षक, विमा एजंट, दंतवैद्य व्हायचंय. त्यांना गुरुवारी प्रयोगशाळा असते म्हणून ती प्रॅक्टिसला उशिरा येतात. कुणाचे हात चांगले तर पाय जड, कुणाचे पाय चांगले तर डोकं भलतीकडे. रेजायनात कॅम्पबेलला चेंडू टाकायला लँकॅस्टर होता. स्पोकेनमध्ये लँकॅस्टर नव्हता, म्हणजे जे आपल्याला आपोआप जमत होतं ते का जमत होतं, हे शब्दांत सांगायची वेळ आली असणार. हा माझा तर्क आहे, पण तर्काला आधार आहे, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कशानं होण्यासारखं नाही.

१९७७ मध्ये एडमंटनचा जनरल मॅनेजर नॉर्म किंबॉल यानं या लहान कॉलेजच्या कोचला बोलावून थेट व्यावसायिक टीम हातात दिली. (क्लबचं तेव्हाचं जुनं नाव २०२० साली टाकून दिलं गेलं, आता ते एल्क्स. बरं झालं. मी या पत्रात नुसतं एडमंटन म्हणते.) पहिल्याच वर्षी तो टीमला फायनलला घेऊन गेला, आणि तिथं जे झालं ते ऐकून बाबा अजून हसतात. मॉन्ट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम, बर्फाचं वादळ, खेळपट्टीचा अक्षरशः आरसा झालेला. मॉन्ट्रियलच्या खेळाडूंनी स्टेपल गननं बुटांच्या तळाला पिना मारून घेतल्या. त्यांचे पाय रोवत होते, आपले घसरत होते. ४१-६. अडुसष्ट हजारांवर माणसं बघायला. पहिल्याच वर्षी एवढी नाचक्की झाल्यावर दुसरा कुणी असता तर निम्मी टीम बदलली असती.

त्यानंतरचं तुला पाठ आहे. १९७८ ला त्याच मॉन्ट्रियलला २०-१३, १९७९ ला पुन्हा मॉन्ट्रियलला १७-९, १९८० ला हॅमिल्टनला ४८-१०, १९८१ ला ओटावाला २६-२३, १९८२ ला टोरंटोला ३२-१६. सहा वर्षं कोच, सहाही वर्षं फायनलला, पाच कप. एकूण ७० विजय, २१ पराभव, ५ बरोबरी. असं पुन्हा कुणाला जमलेलं नाही.

पण मला यातल्या आकड्यांपेक्षा १९८१ ची फायनल जास्त आवडते. एडमंटन त्या सीझनमध्ये फक्त एक सामना हरलेलं. ओटावानं सोळांपैकी जेमतेम पाच जिंकलेले. सामना एकतर्फी होणार असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं, आणि झालाही एकतर्फी, पण उलट्या बाजूनं. मध्यंतराला ओटावा २०, एडमंटन १. आपला क्वार्टरबॅक वॉरन मून, त्याचा हात त्या दिवशी चालतच नव्हता. कॅम्पबेलनं त्याला बसवलं आणि टॉम विल्किन्सनला आणलं. विल्किन्सन म्हणजे बुटका, पोट सुटलेला, वय झालेला. त्याला बघून कुणी क्वार्टरबॅक म्हणणार नाही. त्यानं गाडी रुळावर आणली. आणि मग, हे महत्त्वाचं, कॅम्पबेलनं मूनला परत पाठवलं. ज्याला चारचौघांत खाली बसवलं त्यालाच पुन्हा मैदानावर. मूननं दोन टचडाऊन स्वतः घुसून काढले, टचडाऊननंतरच्या दोन गुणांच्या जादा प्रयत्नानं, म्हणजे कन्व्हर्टनं, २३-२३ झालं, आणि तीन सेकंद उरलेले असताना डेव्ह कटलरच्या लाथेनं सामना संपला. ओटावाचे लोक अजून त्यांच्या रिसीव्हरच्या, टोनी गॅब्रिएलच्या, त्या कॅचबद्दल बोलतात. दुखऱ्या गुडघ्यानं त्यानं तो पकडला होता आणि दोन्ही बाजूंचा फाउल धरून पंचांनी तो रद्द केला. मला विचारशील तर त्यांचा राग रास्त आहे. पण मूनला बसवून परत उठवायला जो अंदाज लागतो, तो टाय लावून मिळत नाही. आज या पोराला ओरडलं तर तो पेटेल की विझेल, हे हेड कोचला आधी कळावं लागतं. स्पोकेनमध्ये गुरुवारी उशिरा येणाऱ्या पोरांवर ते शिकायला भरपूर वेळ मिळाला असेल.

मून स्वतः इथं कसा आला तेही बघ. वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलचा मोठा सामना जिंकून दिलेला क्वार्टरबॅक, आणि १९७८ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. काळा मुलगा क्वार्टरबॅक कसा होणार, जागा बदल, असं तेव्हा सर्रास चालायचं. तो एडमंटनला आला. १९७९ मध्ये आलेला ब्रायन केली हा रिसीव्हर तर कॅलिफोर्निया लुथरन नावाच्या लहान कॉलेजचा, आणि पहिल्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. जो कोच स्वतः लहान जागेतून आलाय, त्याला लहान जागेतला माणूस दिसतो. आणि त्याच्या हाताखालचे असिस्टंट बघ: डॉन मॅथ्यूज, कॅल मर्फी, जो फॅरागॅली. तिघंही पुढे स्वतः हेड कोच म्हणून ग्रे कप जिंकले, मॅथ्यूज तर पाच वेळा. म्हणजे तिथं असिस्टंटला नुसतं शंकू मांडायला ठेवलेलं नव्हतं.

सगळं गोडच लिहिलं तर तू म्हणशील आई कीर्तन करतेय. तर ह्यूस्टन ऐक. एडमंटननंतर कॅम्पबेल एक सीझन लॉस एंजेलिसला यूएसएफएल या दुसऱ्या अमेरिकन लीगमध्ये होता, आणि १९८४ मध्ये एनएफएलच्या ह्यूस्टन ऑयलर्सचा हेड कोच झाला. मूनही त्याच वर्षी तिथं गेला. जोडी तीच. पहिल्या वर्षी ३ विजय, १३ पराभव. दुसऱ्या वर्षी सीझन संपायला दोन सामने असताना त्याला काढलं. तो तोच कोच होता, क्वार्टरबॅकही तोच होता, आणि मून पुढे दोन्ही देशांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. तरी जमलं नाही. टीमच्या आधीच्या अवस्थेवर खापर फोडणारे आहेत, चार डाउनच्या खेळाची त्याची नस वेगळी होती म्हणणारेही आहेत. मला वाटतं दोन्हींत थोडं थोडं तथ्य असावं. पण तो परत आला, एडमंटनचा जनरल मॅनेजर झाला, मग अध्यक्ष, २००६ पर्यंत. त्या काळात आणखी चार कप आले: १९८७, १९९३, २००३, २००५. रिसीव्हर म्हणून एक, कोच म्हणून पाच, ऑफिसात बसून चार. दहा.

बाबांनी आत्ताच खांद्यावरून डोकावून विचारलं की बड ग्रँटचं लिहिलंस का. लिहिते, त्यांच्या समाधानासाठी. तो विनिपेगचा रिसीव्हर, १९५७ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी त्याच टीमचा हेड कोच, चार ग्रे कप, मग मिनेसोटाला जाऊन चार सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या फायनल, हरला. म्हणजे मैदानातून सरळ खुर्चीत जाण्याचीही वाट आहे. पण ती वाट मालक उघडून देतो, आपण मागून मिळत नाही. तुझ्यासमोर आत्ता स्पोकेनचीच वाट आहे.

कॅम्पबेलचा मुलगा रिक, तोही कोच. २०१४ मध्ये ओटावाची नवी टीम उभी राहिली, तिचा पहिला हेड कोच तो. पहिल्या सीझनला २ विजय, १६ पराभव. घरात दहा कपवाला बाप असताना असं वर्ष काढणं म्हणजे काय, याचा विचार माझ्या मनात तेव्हाही आला होता. पुढच्या वर्षी तो फायनलला गेला आणि आपल्याच एडमंटनकडून हरला. तू तेव्हा घरात नाचत होतास, मला मात्र त्याच्या आईची आठवण येत होती. २०१६ ला कॅलगरीला ओव्हरटाइममध्ये ३९-३३ हरवून त्यानं कप घेतला. क्वार्टरबॅक हेन्री बरिस ४१ वर्षांचा!

आता तुझं. मी तुला जाच असं म्हणत नाहीये. शिकवायला आवडत नसेल तर जाऊ नकोस. कंटाळलेला कोच पोरांना लगेच ओळखू येतो. इंजिनिअरिंगची डिग्री हातात आहे, बाबांच्या ओळखीत दोन ठिकाणी जागा आहेत, तेही वाईट नाही. पण नकार द्यायचा तर शिकवण्याची हौस नाही म्हणून दे. ती जागा कमीपणाची आहे म्हणून देऊ नकोस. आणि हौस नाही हे मला पटणं कठीण आहे. गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलमागे तू त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला चेंडू पकडायला शिकवत होतास. छातीच्या वर आला तर अंगठे जवळ, कमरेखाली आला तर करंगळ्या जवळ. ते पोर दर वेळी डोळे मिटत होतं. तू चेंडूवर मार्करनं मोठे आकडे लिहिलेस आणि म्हणालास, पकडू नकोस, फक्त आकडा वाचून मला सांग. आरती सुरू झाली तरी तुम्ही दोघं बाहेर. ते तुला कुणी शिकवलं होतं? मी विचारणार होते, राहून गेलं.

हेड कोचशी बोलशील तेव्हा एवढं विचार. रिसीव्हर्सचे रूट तू आखायचे की तो आखून देणार? फिल्म बघायला मुलांबरोबर तू एकटा बसणार का? हरलेल्या सामन्यानंतर मुलांशी कोण बोलतं? शेवटच्याचं उत्तर "मीच" असं आलं तर अजून थोडी चौकशी कर, तो असिस्टंटला बोलू देत नसेल. राहायची सोय कॉलेज करतं का, तेही विचार. आणि पगाराचं विचारायला लाजू नकोस. आपल्याकडे सगळे तिथंच लाजतात.

बाबांशी मी बोलून ठेवलंय, ते चिडणार नाहीत. आजीला मात्र तूच फोन कर. तिला अजून वाटतंय की ड्राफ्ट म्हणजे सैन्यात भरती, आणि तुझं नाव आलं नाही म्हणून तिनं पेढे वाटलेत.

तुझी,
आई